बारावं घर

४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे, तुझा कान आणि तुझा राग, तिन्ही आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझी खुर्ची सोडून.

हसू नकोस. सकाळी दहाला मी तिच्यावर बसतो तेव्हा माझी उंची नगरपालिकेच्या नोकराला शोभेल अशी असते. मग ती एक सुस्कारा सोडते आणि तासाला दोन बोटं खाली जाऊ लागते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबल छातीला लागतं. चारनंतर आलेल्या माणसाला माझं फक्त कपाळ दिसतं, आणि तो त्या कपाळालाच विचारतो, "साहेब आहेत का आत?" मी तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं, नोंदीनुसार खुर्ची सुस्थितीत आहे. दुसऱ्याला उत्तर आलं, नोंदीत सुस्थितीत असलेली खुर्ची दुरुस्तीला घेता येत नाही. तिसऱ्याचं उत्तर मीच टाइप केलं, कारण ते काम माझ्याच टेबलाचं. फार नम्रपणे मी मला नकार कळवला.

तर बातमी अशी की आपली टेकडी संगणकात शिरली. घराघराची माहिती गोळा करायची, पडद्यावरच्या नकाशात भरायची, आणि पाणी, दवाखान्याची गाडी, तान्ह्या मुलांचं दूध कुठे पोचत नाही ते नकाशानंच रंगानं दाखवायचं. जिथे कमी तिथे लाल. आमचे साहेब म्हणाले, "अशी गोष्ट इथे पहिल्यांदाच होते आहे." मी काही बोललो नाही. चार वाजून गेले होते, आणि नुसत्या कपाळाला बोलता येत नाही.

पहिल्यांदा ते कुणी केलं हे मला ठाऊक आहे. तेहतीस वर्षांपूर्वी, आपल्या मागच्या खोलीत, फरशीवर पालथी पडून. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी खळीनं एकमेकींना चिकटवून तू केवढा कागद केला होतास! आई पाय ठेवायला जागा शोधत खोली ओलांडायची आणि म्हणायची, "एवढ्यात पोरीचं लग्न झालं असतं." ज्या घराला पाणी जवळ, तिथे निळा गोल, जे खालून वाहून आणतात, तिथे लाल. साहेबांचा लाल तुझ्याच लालवरून आला आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही.

आणि तुझा सातवा प्रश्न. "पाण्यापायी घरात काय बुडतं?" पाणीखात्याच्या त्या इंजिनिअरनं, ज्याच्या खिशातून कायम पोलादी पट्टी डोकवायची म्हणून आपण त्याला मोजपट्टी म्हणायचो, कपाळाला हात लावला होता. "अहो बाई, हा काय प्रश्न झाला? लिटर विचारा, लिटर!" तू म्हणालीस, "लिटर तुम्ही मोजा. बुडतं काय ते मी मोजते." मग लोकांनी सांगितलेलं तू जसंच्या तसं उतरवत गेलीस. पोरीची शाळा. सकाळचं काम. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "नवराबायकोचं बोलणं." तेही लिहिलंस. मोजपट्टीनं ते पान दोनदा वाचलं होतं, मी पाहिलंय.

सारी वस्ती तुला वहीताई म्हणायची आणि मला शेपूट. तू पुढे वही घेऊन, मी मागे खडूची डबी आणि दोऱ्यानं पुठ्ठ्याला बांधलेली पेन्सिल घेऊन. मला त्या नावाचा राग यायचा. आता इतकी वर्षं मला कुणी शेपूट म्हटलेलं नाही, आणि माणसाला कशाकशाची आठवण येईल याचा नेम नाही.

टेकडीवरच्या मधल्या ओळीतल्या घरांचा नळ पहिल्यांदा वाहिला ती दुपार आठवते? कुणी भांडं लावलंच नाही. सगळ्या बायका नुसत्या बघत उभ्या. तूच पुढे होऊन तोंड धुतलंस, कानावरची पेन्सिल तशीच. मग एकदम कल्ला.

वस्तीच्या नव्या केंद्रात तुझा तो कॅलेंडरांचा नकाशा भिंतीवर लावायचा आहे आणि तू यावंस असं केंद्रातल्या लोकांचं म्हणणं आहे. तू त्यांना लिहिलंस की येणार नाही. मला लिहिलंस, "वरच्या ओळीतली माणसं माझं तोंड बघणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही." या वाक्यापाशी मी चार दिवस अडकलो आहे. त्याबद्दल लिहायचं होतं. पण खुर्ची फारच खाली गेली आहे, हात वर करून लिहावं लागतंय.

तुझा भाऊ
(पदनाम: अभिलेख लिपिक, उंची: वेळेनुसार)


१३ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

पत्र पोचलं. खुर्चीबद्दल तू लिहिलेल्या शब्दाला शिपायानंही दाद दिली. त्यानं ते माझ्या खांद्यावरून वाचलं. आणि खाली तुझी एकच ओळ: "वरच्या ओळीचं काय ते सरळ लिही."

सरळ लिहायला बसलो आणि आधी कपाट आवरलं, मग पेनात शाई भरली. आता आवरायला काही उरलेलं नाही.

नव्या मोजणीला एका शाळेतल्या मास्तरीणबाईंना जुंपलं आहे. शाळा सांभाळून, हातात संगणकाचा छोटा पडदा घेऊन बिचाऱ्या टेकडी चढतात. पडद्यावर जुनी माहिती आधीच भरलेली असते. ती तपासायची आणि पुढे जायचं. ज्या घरावर "बंद" आहे, ते घर पडदा विचारतच नाही. आपोआप पुढचं येतं. मागच्या आठवड्यात त्यांची यादी माझ्या टेबलावर आली. वरची ओळ: घरं बारा. वस्तीची अकरा. बंद एक.

नियम अजून तोच आहे. माणसं राहत असलेल्या बारा घरांमागे एक नळ. मोजपट्टी निवृत्त झाला, नियम नाही झाला. आता नळासोबत पाणी वर चढवायला पंपही मिळणार आहे, पण तोही बारालाच. यादी एकतीस तारखेला मिटते. त्यानंतर पाच वर्षं कुणी बघणार नाही.

मी मास्तरीणबाईंना विचारलं, "त्या शेवटच्या घरात कुणी राहत नाही?"

"राहत असावं," त्या म्हणाल्या. "दोरीवर कपडे होते. पण पडदा पुढे गेला हो. त्याला मागे नेता येत नाही, तुमच्या ऑफिसातून दुरुस्ती करावी लागते."

दुरुस्तीचा अर्ज माझ्याच टेबलाचा. त्यात दोन रकाने आहेत: मूळ नोंद करणाऱ्याचं नाव, आणि चुकीचं कारण.

ताई, तुझा नियम होता तीन फेऱ्यांचा. एक सकाळी, एक दुपारी, एक संध्याकाळी. दर फेरीला दाराच्या चौकटीवर खडूची एक रेघ. तीन रेघा झाल्या आणि तरी दार उघडलं नाही, तरच वहीत "बंद" लिहायचं. मी कुरकुर केली तेव्हा तू म्हणाली होतीस, "शेपट्या, दुपारी झोपलेला माणूस म्हणजे नसलेला माणूस नव्हे."

त्या घरी मी एकदाच गेलो.

तू मोजणीसाठी मला काळे बूट आणले होतेस. इतक्या कौतुकानं पुढे ठेवलेस की ते एक नंबरानं लहान आहेत हे माझ्या तोंडून निघालं नाही. "अगदी बरोबर बसतात," म्हणालो आणि तुझ्यासमोर दोन उड्याही मारल्या. वरच्या ओळीपर्यंत ब्याण्णव पायऱ्या. दुपारची वेळ. शेवटच्या घराशी पोचलो तेव्हा दोन्ही टाचांचं कातडं गेलं होतं. दार वाजवलं. दोनदा. कुणी आलं नाही. सकाळी आणि संध्याकाळी पुन्हा ब्याण्णव, म्हणजे चढून-उतरून किती ते मी मोजलं, आणि मग खडू काढून तिथल्या तिथे तीन रेघा ओढल्या. एक, दोन, तीन. बूट हातात घेऊन खाली आलो.

इतकंच. मी एखादं मोठं पाप शोधत होतो, म्हणजे कबुलीला जरा वजन आलं असतं. नाही सापडलं. बूट चावत होते.

पण सभा आठवते ना? वरच्या ओळीतला शिंपी उभा राहिला. "वहीताई, आम्ही बारा आहोत. अकरा कुठून आले?" तू म्हणालीस, "माझ्या माणसांनी तीनदा दार वाजवलंय. चौकटीवर रेघा आहेत." शिंपी ओरडला, "अहो, बाई राहते तिथे! दोन लेकरं आहेत. रात्रपाळी करते इस्पितळात, दुपारी झोपते!" मोजपट्टी म्हणाला, "यादीत नाही." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. नुसतं पाहिलंस. आणि मी मान हलवली, की हो, तीनदा.

रेघांपेक्षा ती मान जड आहे. रेघा मी एकोणिसाव्या वर्षी, दुखऱ्या टाचांनी काढल्या. मान मी बसून, आरामात हलवली.

त्यानंतर वरच्या ओळीनं तुझ्याशी बोलणं टाकलं. "वहीताईनं आम्हाला वहीत घेतलं नाही," असं म्हणायचे. तू वही मिटलीस, वर्षाच्या आत दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. मी मात्र त्याच मोजणीच्या जोरावर या ऑफिसात चिकटलो. वरच्या ओळीचे अर्ज येत राहिले. उत्तर एकच: नोंदीनुसार अकरा. दर पाच वर्षांनी नवी यादी व्हायची, म्हणजे जुनीच यादी नव्या कागदावर. त्यातल्या दोन याद्या माझ्या हस्ताक्षरात आहेत. "बंद" हा शब्द मी फार सुबक लिहितो.

तू त्यांचं तोंड चुकवत बसू नकोस. चुकवायचं तर मी चुकवायला हवं, आणि मी ते इतकी वर्षं इमानानं करतोही आहे.

अर्ज समोर आहे. दोन्ही रकाने कोरे आहेत. तुला आधी सांगितल्याशिवाय भरवेना.

तुझा


२८ मार्च, शुक्रवार

प्रिय ताई,

तुझं सहा ओळींचं पत्र मी खिशात घेऊन फिरतो आहे. घडीवर फाटायला आलंय, म्हणून इथे उतरवून ठेवतो, म्हणजे माझ्या अक्षरातही एकदा काहीतरी खरं राहील.

"शेपट्या, सभेच्या दुसऱ्या दिवशी मी वर गेले होते. तिन्ही रेघा एका उंचीच्या, एका जोराच्या. सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात सारखी रेघ ओढत नाहीत. मला तिथेच कळलं. पाइप टाकायला घेतले होते, आणि तुझी नोकरी त्याच यादीवर ठरत होती. मी दार न वाजवता खाली आले. तेव्हा एकट्यानं रडू नकोस. फेऱ्या पूर्ण कर."

दार न वाजवता. या तीन शब्दांनी मला एका बाजूनं सोडवलं आणि दुसऱ्या बाजूनं धरलं. तू तेहतीस वर्षं तोंड चुकवत होतीस ते माझ्यापायी, आणि मी समजत होतो की मीच तेवढा हुशार.

असो. फेऱ्यांचं सांगतो.

दुपारची तेव्हाच झाली होती, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची राहिली होती. सोमवारी सकाळी गेलो. पायऱ्या ब्याण्णवच आहेत, पण कुणीतरी त्या मधल्या काळात उंच केल्या असाव्यात. कडेनं एक बाई डोक्यावर भांडं आणि हातात कॅन घेऊन चढत होती. ती दोनदा मला मागे टाकून गेली. एकदा चढताना, आणि मग पुन्हा, कारण तोवर तिची दुसरी खेप सुरू झाली होती.

शेवटच्या दाराला कुलूप होतं. मी खिशातून खडू काढला, तोच शेजारच्या ओट्यावरून आवाज आला.

"काय रे, भिंती रंगवतोस काय?"

तोच शिंपी. डोळे गेलेत जवळपास, हालचाल तेवढी कळते, जीभ शाबूत आहे.

"मोजणीचा आहे, काका."

"मोजणीवाली बाई येऊन गेली. पडदा पुढे गेला म्हणे. आमचं पाणी पण पुढेच जातं, मागे वळून बघत नाही. तू कोण?"

मी म्हणालो, "वहीताईचं शेपूट."

त्यानं मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. मग मी सांगितलं. उभ्यानंच सगळं. बूट, रेघा, मान. सांगताना माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात अजून खडू आहे.

"म्हणजे तीनदा आला नव्हतास," तो म्हणाला.

"नाही."

"आणि आम्ही तिला बोललो."

"हो."

"बस," तो म्हणाला. आत जाऊन चाचपत पेला भरून आणला. "पी."

"अर्धा द्या, काका."

"सगळा पी. चढून आलायस. सांडू मात्र नकोस."

ताई, मी कुणाच्या घरी आजवर इतक्या सावकाश पाणी प्यालो नाही.

संध्याकाळी पुन्हा गेलो. दार वाजवलं आणि लगेच उघडलं. चाळिशीची बाई, अंगात ड्युटीचे कपडे, केस बांधता बांधता आलेली. त्या दोन लेकरांमधली ती थोरली. आई गेली, भाऊ लांब असतो. ही नवरा आणि दोन मुलांना घेऊन त्याच घरात राहते. इस्पितळही तेच, रात्रपाळीही तीच. मुलं सकाळी शाळेत, नवरा कामावर, ही ड्युटीवरून यायची असते, म्हणून सकाळी कुलूप.

मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "त्या रेघा तुम्ही काढल्या होत्या होय? आईला वाटलं होतं, आम्ही तिघं म्हणून तीन. आम्हाला मोजून गेले, आता नळ येणार, म्हणून खूश होती. चौकट पुसताना तेवढी जागा सोडायची."

मग तिनं विचारलं, "अजून काही लिहायचंय का? मला निघायला हवं."

पडद्यावरच्या अर्जात तुझा सातवा प्रश्न नाही. मी तोंडानंच विचारला. पाण्यापायी घरात काय बुडतं?

"झोप," ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. "सकाळी ड्युटीवरून येते, अकरापर्यंतच खालचा नळ असतो, चार खेपा होतात. मग पाठ टेकते तोवर मुलं शाळेतून येतात." मग जरा हसली. "आईचंही तेच उत्तर आलं असतं. तिला कुणी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. मूळ नोंद करणाऱ्याचं नाव: माझं. चुकीचं कारण: सर्वेक्षकाने एकच फेरी केली. साहेबांनी चष्मा वर केला. "अहो, असं कशाला लिहिता? तांत्रिक त्रुटी लिहा. सगळे तेच लिहितात."

"बुटांची त्रुटी होती, साहेब," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी विनोद करतोय. माझी ख्याती तशीच आहे. पण त्यांनी सही केली. माझ्यावर एक चौकशी बसेल म्हणतात. बसू दे. माझ्या खुर्चीवर बसली तर चारपर्यंत तीही दिसेनाशी होईल.

काल पडद्यावर वरची ओळ बाराची झाली आणि अख्खी लाल झाली. इतका सुंदर लाल मी पाहिलेला नाही. पंपाचा आदेश आज निघाला. पाणी कधी चढेल ते मोजपट्टीच्या वारसांना ठाऊक, पण "नोंदीनुसार अकरा" हे उत्तर आता माझ्या टेबलावरून कुणाला जाणार नाही.

सातव्या प्रश्नासाठी रकाना नव्हता. मी "शेरा" या जागेत तिचं उत्तर लिहिलं, जसंच्या तसं. आणि कपाटावरून तुझा नकाशा काढला. बाराव्या घरावरची "बंद"ची माझी फुली खोडून तिथे लाल गोल काढला. कागद तिथे जरा विरला आहे, दोष देऊ नकोस.

शिंप्याचा निरोप आहे. त्याच्याच शब्दांत: "वहीताईला म्हणावं, गुडघे दुखतात तर वर येऊ नको. मीच खाली येईन, केंद्रात. मला कुठे दिसतंय, तोंड बघायचा प्रश्नच येत नाही." मग थांबून म्हणाला, "आणि म्हणावं, तू दार वाजवलं असतंस तर बरं झालं असतं. पण ये." तुझ्या पत्रातलं मी त्याला वाचून दाखवलं होतं. विचारल्याशिवाय दाखवलं, ते तुझ्या रागाच्या खात्यात टाक.

चौकटीवरच्या जुन्या रेघा केव्हाच गेल्या आहेत. दुपारच्या फेरीची जागा सोडून मी दोन नव्या काढल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. संध्याकाळपर्यंत माझे पाय गळाले होते, त्यामुळे ती दुसरी जरा खाली आली आहे, वाकडीही. त्या बाईला सांगून ठेवलंय, पुसू नका, तपासायला एक जण येणार आहे.

तुझं,
शेपूट